उंटवाल्यांच्या नकाशातली विहीर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घुग्घुसचा माणूस आज उंटांविषयी बोलणार आहे, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. आमच्या गावाचं नाव घेतलं की लोकांना कोळसा आठवतो, सिमेंट आठवतं आणि या दोन्हींची मिळून तयार होणारी धूळ आठवते. मी स्वतः चौतीस वर्षं कोळसा खाणीत काढली, ओव्हरमन म्हणून निवृत्त झालो. जमिनीखालच्या अंधाराविषयी विचाराल तर मी तासभर न थांबता बोलेन. पण मला सांगितलं गेलं की, परदेश प्रवासातला एखादा अनुभव सांगा. आता माझा परदेश प्रवास म्हणजे आयुष्यात एकच, आणि त्यातही लक्षात राहिलेली गोष्ट एकच. ती सांगायची तर ओमानच्या वाळवंटातून निघून परत आमच्याच वावरातल्या विहिरीपाशी यावं लागतं. तेव्हा थोडा धीर धरा.

माझा मुलगा ओमानमध्ये एका सिमेंट कारखान्यात नोकरीला आहे. घुग्घुसच्या पोराला सिमेंट काही सुटत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये त्याने आम्हा दोघांना तिकडे बोलावलं. मस्कतचा समुद्र झाला, मोठी मशीद झाली, बाजार झाला. मग एके दिवशी म्हणाला, "बाबा, माझ्या एका सहकाऱ्याचं घर बिदियाजवळ आहे. त्याच्या वडिलांनी जेवायला बोलावलंय. वाळवंटही पाहून होईल."

बिदिया हे मस्कतपासून दोनशे किलोमीटरहून थोडं जास्त. तिथून वाहिबा नावाचं वाळूचं रान सुरू होतं. वाळूत शिरण्याआधी मुलाने गाडीच्या चारही चाकांतली हवा कमी केली. चाक चपटं झालं की वाळूत रुतत नाही म्हणे. समोर पिवळ्या-तांबूस टेकड्यांची रांग होती. लोक अशा ठिकाणी देवाची आठवण काढतात. मला मात्र आठवले आमच्या खाणीवरचे ओबीचे डोंगर. कोळशाच्या वरची माती-दगड काढून ज्या टेकड्या रचतात, त्यांना आम्ही ओबी म्हणतो. मी तसं बोलून दाखवलं, तर सौ. म्हणाली, "इतक्या लांब येऊनही तुम्ही खाणीतच."

यजमान सत्तरीच्या पुढचे असावेत. अंगात पांढरा पायघोळ झगा, डोक्याला गुंडाळलेली शाल, हातात बारीक काठी. ते बेदुइन, तिकडच्या भाषेत बदू, म्हणजे उंट आणि शेळ्या घेऊन पाण्याच्या मागे फिरणारे लोक. आता फिरणं पुष्कळ कमी झालंय. पक्की घरं आहेत, दारात पिकअप गाड्या आहेत आणि चारा-पाणी टँकरने उंटापर्यंत जातं. पण उंट सुटलेला नाही. दुधासाठी, शर्यतीसाठी आणि मला वाटतं थोडा इज्जतीसाठीही तो ठेवतात. त्या म्हाताऱ्याला हिंदी बऱ्यापैकी येत होती. ओमानमध्ये जुन्या माणसांना ती येते, शेकडो वर्षांची मुंबईची ये-जा आहे.

जेवणाआधी उंटावर बसणं झालं. उंट बसलेला असतो तेव्हा हे काम सोपं वाटतं. खरी परीक्षा तो उठताना. त्याचे मागचे पाय आधी सरळ होतात, त्यामुळे स्वार पुढे उंटाच्या मानेवर कोसळायला येतो. तो सावरेपर्यंत पुढचे पाय उठतात आणि स्वार मागे फेकला जातो. मग चाल. घोडा दुडकताना तिरपे पाय टाकतो, उंट एका अंगाचे दोन्ही पाय एकदम पुढे टाकतो. म्हणून वर बसलेला माणूस नावेत बसल्यासारखा डुलत राहतो. मी दोन्ही हातांनी खोगिराची खुंटी आवळून धरली होती. शाळेत इतिहासात सांडणीस्वार वाचला होता, पेशव्यांची पत्रं घेऊन जाणारा. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत उंटांचा शुतुरखाना होता, तेही पाठ केलं होतं. मराठी फौजेत उंटाच्या पाठीवरून डागायच्या लहान तोफा होत्या, त्यांना शुतरनाळ म्हणत. दहा मिनिटांत माझ्या कंबरेची जी अवस्था झाली, ती पाहता त्या सांडणीस्वारांना मी मनातल्या मनात हात जोडले. सौ. आधी नाही नाही म्हणत होती. बसल्यावर मात्र असं ताठ बसली की जणू माहेरी बैलगाडीत बसली आहे.

मग जेवण. खाली मोठी सतरंजी, मध्ये एक परात. आधी हात धुवायला पाणी, मग खजूर, मग कहवा. कहवा म्हणजे वेलदोडे घातलेली बिनसाखरेची, बिनदुधाची कॉफी. कान नसलेल्या इवल्याशा पेल्यात ती तळाला दोन घोट ओततात. पेला रिकामा दिसला की पुन्हा ओततात, पुन्हा ओततात. मला वाटलं, नाही कसं म्हणायचं? मी सहा पेले प्यायलो. सातव्याला मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, नको असेल तर पेला हातात धरून जरा हलवायचा." हे त्याने पहिल्याच पेल्याला सांगायला हवं होतं.

परातीत भात आणि त्यावर बकऱ्याचं मटण होतं. सगळ्यांनी एकाच परातीत, उजव्या हाताने, आपापल्या समोरचं खायचं. यजमान स्वतः फार खात नव्हते. चांगले तुकडे निवडून माझ्यासमोर सरकवत होते. आमच्या घरात सौ. माळकरी. तिच्यासाठी निराळा भात, कागदासारखी पातळ भाकरी, मध आणि सांडणीच्या दुधाचा वाडगा. तरी म्हाताऱ्याने तीनदा विचारलं, "यांची तब्येत बरी नाही का?" पाहुणा आपल्याकडचं मटण खात नाही, म्हणजे आपलं काही चुकलं, असं त्यांना वाटत असावं. शेवटी मुलाने समजावलं की ही देवाची गोष्ट आहे. तेव्हा त्यांनी समजुतीने मान हलवली आणि खजुराची थाळी तिच्याकडे आणखी पुढे केली.

विल्फ्रेड थेसिजर नावाच्या इंग्रज प्रवाशाने १९४५ ते १९५० या काळात अरबस्तानातली वाळवंटं बदूंबरोबर उंटांवरून पालथी घातली. 'अरेबियन सॅण्ड्स' हे त्याचं पुस्तक १९५९ साली आलं. त्यात एक प्रसंग आहे. अनेक दिवसांच्या उपासानंतर या लोकांना एक ससा मिळतो. तो शिजत असताना वाटसरू येतात. यजमान त्यांना आग्रहाने सगळं वाढून मोकळे होतात आणि थेसिजर बिचारा भुकेला पाहत राहतो. मुलाने हा प्रसंग मला गाडीत सांगितला होता. मला तेव्हा ती पुस्तकातली गोष्ट वाटली होती. आता ते हाडाचे तुकडे स्वतःकडे आणि मांसाचे माझ्याकडे सरकवणारे हात बघून तसं वाटेना.

जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाकडे उंट आहेत का?"

मी म्हणालो, "नाही." मग आठवलं, म्हणून म्हणालो, "म्हणजे आहेत. हिवाळ्यात येतात. पण ते लोक आमचे नाहीत, बाहेरचे आहेत. फिरत असतात."

म्हातारा एकदम सावरून बसला. "म्हणजे आमच्यासारखे," तो म्हणाला. "ते तुमच्या दारी आले तर तुम्ही त्यांना काय देता?"

मुलगा मोबाइलवर काही बघत होता. सौ.ने माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाली, "सांगा ना."

मी काही सांगितलं नाही. "पाणी देतो," असं तोंडातल्या तोंडात म्हणालो. आयुष्यात पुष्कळ लहानसहान खोटं बोललो असेन, पण हे दुसऱ्यांदा बोललेलं तेच खोटं होतं.

आता पहिल्या वेळचं सांगतो.

घुग्घुसपासून सहा-सात किलोमीटरवर, वर्धा नदीच्या अंगाला आमचं वडिलोपार्जित पाच एकर वावर आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्याचा वणी तालुका. माझ्या लहानपणी कापूस निघून गेला, तूर निघाली, की एखाद्या सकाळी धुऱ्यावर उंट उभे दिसायचे. त्यांच्या पाठीवर उलट्या ठेवलेल्या खाटा, गोधड्या, भांडी, कोंबडीचं खुराडं, आणि या सगळ्यातून डोकं बाहेर काढून बसलेली दोन-तीन दिवसांची कोकरं. मागे काळ्या लोकरीच्या ओढण्या घेतलेल्या बाया. पुरुष मेंढ्यांबरोबर दूर असायचे. आम्ही त्यांना काठेवाडी म्हणायचो. मुळात ते कच्छचे रबारी. पण कित्येक दशकांपासून विदर्भात, मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये त्यांचे डेरे फिरत आलेत. काहींच्या दोन-तीन पिढ्या इकडेच जन्मल्या. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतले कुरमार धनगर मेंढ्या पाळतात, पण त्यांच्याकडे उंट नसतो. त्यामुळे उंट दिसला की काठेवाडी आले, हे समीकरण पक्कं.

माझे वडील त्यांची वाट पाहत. मेंढ्या रात्रभर वावरात बसवल्या की लेंडीखत आणि मूत आयतं जमिनीत मुरतं. एका कोपऱ्यात एक रात्र, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी, असं करत सगळं वावर खताखाली आणायचं. बदल्यात वडील ज्वारी मोजून देत, पायलीने. वर गुळाची ढेप. विहिरीवर त्यांचं पाणी खुलं. मेंढ्या वावरातला उरलासुरला पाला खात, उंट धुऱ्यावरच्या बाभळी ओरबाडत. उंट बाभळीचा काटा चघळताना पाहिलं की आम्हा पोरांच्याच तोंडाला काटे टोचायचे.

पुढे वडील गेले. मी खाणीत. वावर मक्त्याने दिलं. मक्तेदाराने युरियाची पोती आणली, मेंढ्यांची गरज संपली. त्यातच कुणाच्या तरी उभ्या तुरीत मेंढ्या शिरल्या, भांडण झालं, आणि गावात काठेवाडी म्हणजे चोर, हे एकदा ठरून गेलं. शिरल्या होत्या, हेही खरं आहे. ज्याचं पीक खाल्लं जातं, त्याचं नुकसान खोटं नसतं.

एप्रिल २००३. मी सुटीच्या दिवशी वावरात गेलो होतो. दुपार. आमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एक बाई दोन उंट आणि पाण्याच्या कळशा घेऊन आली. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. ती बाई चांगल्या वऱ्हाडीत म्हणाली, "भाऊ, उंटायले पाणी पाजू काय जी?" त्या काळी भारनियमन होतं, पंप कधी चालेल याचा भरवसा नव्हता. मक्तेदाराची भाजी होती. मला एवढंच म्हणायचं होतं की आज नको. पण मी म्हणालो, "विहिरीला पाणी नाही."

आम्ही दोघं विहिरीपासून दहा हातांवर उभे होतो. विहिरीतल्या पाण्याची चमक काठावरच्या आंब्याच्या पानांवर हलत होती. तिने ती पाहिली आणि मी तिला पाहताना पाहिलं. ती म्हणाली, "बरं जी," आणि उंट वळवले. घरी येऊन मी हे सौ.ला सांगितलं होतं, तेही तिची काही चूक असल्यासारखं. म्हणून त्या दिवशी वाहिबाच्या सतरंजीवर ती म्हणाली, "सांगा ना."

ओमानहून परतल्यावर महिन्याभरात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नदीकाठी डेरा उतरल्याचं कळलं. मी जायचं की नाही हे ठरवत होतो, तोवर सौ.ने पिशवीत दहा किलो ज्वारी आणि गूळ भरून ठेवला होता.

पाच खाटा, पाच चुली, असा तो डेरा. रबाऱ्यांचं घर म्हणजे खाट. तिच्यावर गोधड्यांची चळत, खाली भांडी, मागे पाण्याच्या कळशा. छप्पर नाही. पुरुष मेंढ्यांमागे गेले होते. आम्ही अनोळखी माणसं, पण एका बाईने खाट मोकळी केली, वर गोधडी अंथरली, आधी पाणी दिलं, मग नाव विचारलं. वाहिबात आणि इथे हा क्रम तोच होता. मग चहा, सांडणीच्या दुधाचा. दूध चवीला किंचित खारट, पातळ, आणि चहात अंगचा गोडवा देणारं. सौ.ने विचारलं, "याचं दही लावता का?" बाई हसली. सांडणीच्या दुधाचं दही गाईच्या दह्यासारखं घट्ट लागत नाही. पोरं दूध काढलं की फेसासकट तसंच पितात. उरलेलं चहाला. राजस्थानातल्या उंट पाळणाऱ्या राइका लोकांत जुनी माणसं दूध विकणं हे मूल विकण्यासारखं मानत. आता २०१६ मध्ये सांडणीच्या दुधाला सरकारी अन्न प्रमाणकांत जागा मिळाली, २०१९ मध्ये अमूलने ते बाटलीत आणलं, आणि कच्छमधल्या पाळणाऱ्यांना त्याचे पैसे मिळू लागले. विदर्भात फिरणाऱ्या डेऱ्याला मात्र डेअरी कुठली? त्यांचा उंट ओझ्यासाठीच.

दुपारी आम्हाला उठूच दिलं नाही. बाजरीचा हाताएवढा जाड रोटला, तो कुस्करून त्यावर तूप, मेंढी-बकरीच्या दुधाचं ताक, लसूण-मिरचीची चटणी आणि आम्हीच आणलेला गूळ. हे लोक बहुतेक शाकाहारी, त्यामुळे सौ.चा प्रश्न मिटला. मी ज्वारीची पिशवी पुढे केली तेव्हा त्या बाईने ती घेतली, बाजूला ठेवली, आणि आम्हाला वाढलं ते आपल्याच डब्यातलं. जेवताना तिने एक गोष्ट सांगितली. पार्वतीने खेळता खेळता मातीचं एक जनावर केलं, त्याला पाच पाय झाले. महादेवाने त्यात जीव घातला, पण चालता येईना. तेव्हा पाचवा पाय पाठीवर दाबला, त्याचं मदार झालं. मग हे जनावर राखायला कोणीतरी हवं, म्हणून पहिला रबारी घडवला. म्हणजे उंट आधी, माणूस नंतर.

मी म्हणालो, "आम्ही दूर परदेशात उंटावर बसून आलो." पोरांना याचं फार नवल वाटलं, ते वेगळ्याच कारणाने. एक पोरगं म्हणालं, "काहून? पाय दुखत होते काय?"

श्रोतेहो, मराठीत आपण म्हणतो, उंटावरून शेळ्या हाकू नका. ही म्हण ज्याने केली त्याने बहुधा उंटवाला जवळून पाहिला नसावा. कारण शेळ्या-मेंढ्या हाकणारा रबारी उंटावर बसतच नाही. तो चालतो. बायाही चालतात, हातात पुढच्या उंटाची दोरी धरून. उंटावर बसतं ते घर. फार तर आजारी माणूस, म्हातारी, पाय दुखणारं पोर आणि कोकरं. रिकामा उंट असला तरी मोठा माणूस सहसा चढत नाही. आम्ही वाहिबात ज्याला सवारी म्हणालो, ती या लोकांच्या लेखी आजाऱ्याची जागा.

जेवणानंतर मी विहिरीचं सांगितलं. सगळं नाही, एवढंच की अमुक साली एका बाईला मी पाणी नाही म्हणालो होतो, आणि पाणी होतं. ती कोण होती हे मला माहीत नव्हतं. ही बाई ती नव्हती. तिने विचारलं, "कोणती विहीर जी?"

"नाल्याच्या वरची. आंब्याजवळची."

तिने दुसरीकडे पाहिलं, चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला त्यांच्या बोलीत काही विचारलं. म्हातारीने मान न वळवता हात आडवा हलवला. बाई म्हणाली, "ती विहीर बंद हाये ना?"

मी म्हणालो, "नाही, चालू आहे."

"आमच्यात सांगतात, ती बंद हाये. तिकडून कोणी जातच नाही."

मग माझ्या लक्षात आलं. या लोकांकडे कागदाचा नकाशा नसतो. कोणत्या गावात पाणी देतात, कोणत्या गावात दगड मारतात, कोणत्या ओढ्यात माघापर्यंत डबकं राहतं, हे एक डेरा दुसऱ्याला सांगतो आणि पोरांना तोंडपाठ होतं. माझं एका दुपारचं वाक्य त्या नकाशात सोळा वर्षं लिहिलेलं होतं. माझ्या वडिलांची विहीर त्यातून खोडली गेली होती.

त्या वर्षी त्यांनी आमच्या वावरात चार रात्री मेंढ्या बसवल्या. मक्ता तोवर संपला होता, मी स्वतः पाहू लागलो होतो. शेजारी नाराज झाले. एकाने तोंडावर विचारलं, "तुमच्या बापाची सवय तुम्हालाही लागली का?" मी हसून वेळ मारून नेली.

खरी अडचण पुढच्या वर्षी आली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा तोच डेरा आमच्या वावराच्या कडेला होता. गावोगाव रस्त्यांवर काट्या टाकून वेशी बंद झालेल्या. डेरा पुढेही जाऊ शकत नव्हता आणि मागेही. गावातली माणसं माझ्याकडे आली, म्हणाली, यांना हलवा, हे कुठून कुठून फिरून येतात. मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. माझी साठी उलटलेली, सौ.ला दमा. एक रात्र मीही विचार केला की नदीपलीकडे जा म्हणावं. सकाळी सौ.ने चहा ठेवताना एवढंच विचारलं, "मग आता काय सांगणार, पाणी नाही?"

डेरा राहिला. सहा आठवडे. आम्ही लांबून बोलायचो. धुऱ्यावर पीठ-मीठ ठेवायचं, ते नेऊन त्या जागी कधी ताकाची बरणी ठेवायचे. विहिरीवर त्यांची वेळ सकाळी, आमची संध्याकाळी. एप्रिलच्या अखेरीस पाणी खाली गेलं तेव्हा माझा जीव वरखाली होऊ लागला. एके दिवशी मी लांब बसून मोजलं. एका सांडणीने एका दमात पाच बादल्या प्यायल्या, म्हणजे पंचाहत्तर लिटर तरी. पण मग ती तीन दिवस विहिरीकडे फिरकली नाही. उंटाच्या मदारीत पाणी असतं अशी माझीही समजूत होती. तिथे चरबी असते. पाणी राखायची त्याची युक्ती वेगळीच. दिवसा तो अंग तापू देतो, आपल्यासारखा घाम गाळून गार करत बसत नाही, आणि रात्री ती उष्णता सोडून देतो. शरीरातलं पाणी पाव हिश्शाने कमी झालं तरी तो चालत राहतो, आणि मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत भरून काढतो. आम्ही खाणीत उष्माघाताने माणसं पडताना पाहिलेली, त्यामुळे मला या जनावराचा हेवा वाटला. फक्त पावसाळा त्याला सोसत नाही. आपल्या काळ्या चिखलात त्याचा पाय घसरतो आणि पडला तर मोडतो. म्हणून पाऊस यायच्या आत डेऱ्याला मुरमाड, उंच जागा गाठावीच लागते. जूनच्या तोंडाशी वाट मोकळी झाली नसती तर काय केलं असतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

जानेवारी २०२२ मध्ये डेऱ्यावरून फोन आला. आवाज घाबरलेला. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासर इथे पोलिसांनी कच्छहून येणारे ५८ उंट अडवले होते. उंट कत्तलीसाठी नेत आहेत अशी तक्रार होती, बरोबरच्या पाच जणांवर प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचा गुन्हा दाखल झाला. ते म्हणत होते की आम्ही विदर्भातल्या आमच्याच डेऱ्यांना ओझ्याचे उंट पोहोचवायला निघालो आहोत. उंट अमरावतीच्या एका गोशाळेत गेले. प्रकरण न्यायालयात चाललं आणि काही आठवड्यांनी न्यायालयाने उंट त्यांच्या मालकांना परत द्यायला सांगितलं. वर्तमानपत्रांतून तुम्ही वाचलं असेल. तक्रार करणाऱ्यांचा हेतू जनावरं वाचवण्याचा असेल, मी त्यांना ओळखत नाही. मला फोनवर वारंवार विचारलं जात होतं ते एवढंच, "भाऊ, त्यायले तिथं पाला देत असतील काय?" कारण उंट हा झाडाचा पाला ओरबाडून, चालत चालत खाणारा. एका जागी बांधून वाळला चारा टाकला तर तो झुरतो. मी काय सांगणार? मी म्हणालो, देत असतील.

उंट देशातूनच कमी होतोय. २०१२ च्या पशुगणनेत तो चार लाखांच्या आसपास होता, २०१९ मध्ये अडीच लाखांवर आला. राजस्थानने २०१४ मध्ये त्याला राज्यप्राणी केलं आणि पुढच्या वर्षी त्याची कत्तल बंद करणारा, राज्याबाहेर नेण्यावर बंधनं घालणारा कायदा केला. पण गिऱ्हाईक राज्याबाहेरचं असेल तर विकायचा कोणाला, असा प्रश्न पाळणाऱ्यांपुढे उभा राहिला आणि त्यांनी उंटच कमी केले, असंही तिकडचे लोक सांगतात. आमच्या डेऱ्यावर २०१९ मध्ये नऊ उंट होते. गेल्या हिवाळ्यात चार होते, आणि सोबत एक जुना मालवाहू टेम्पो. खाटा आता टेम्पोत जातात. बाईने तो मला कौतुकाने दाखवला. मग म्हणाली, टेम्पोले डिझेल लागते, आणि धुऱ्यावरून चालत नाही. कोकरं मात्र अजून उंटावरच. टेम्पोत ती भितात.

शेजाऱ्याची नाराजी अजून आहे. त्याच्या वावराच्या बाजूला मी काट्यांचं कुंपण घालून दिलंय, तरी गेल्या वर्षी दोन मेंढ्या आत गेल्याच. त्याची भरपाई डेऱ्याने एक कोकरू देऊन केली. त्याने ते घेतलं आणि वर्षभर पाळलं. आता त्याची बायको ते विकू देत नाही.

बिदियाच्या म्हाताऱ्याचा निरोप मुलगा कधीमधी सांगतो. आमच्या गावच्या उंटवाल्यांची ते चौकशी करतात. सौ.ने मोबाइलवर डेऱ्याचे फोटो पाठवले होते. त्यांचं म्हणणं आलं की, सांडण्या चांगल्या आहेत, पण काळ्या मातीत ठेवू नका.

परवा रात्री नऊच्या सुमारास फोन वाजला. मागे मेंढ्यांचा आवाज. "भाऊ, तूर निघाली काय जी?"

मी म्हणालो, "अजून आठ दिवस आहेत."

"बरं. आमी वणीकडं थांबतो मंग. पाणी हाये ना?"

मी म्हणालो, "आहे."